दहा हातांची ट्रॉली

दार उघडलं, तर मालनताईने मासळीची पाटी खाली ठेवायच्या आधीच मला विचारलं,

"वहिनी, तुमी फोनवर सगळं शोधून काढता. होडी गाडीच्या मागं बांधून न्यायची, तर ट्रॉली कसली लागते, ते निघतं काय त्याच्यात?"

मार्च संपत आला होता. मी बांगड्यांचा भाव विचारायच्या तयारीत उभी, आणि हिच्या डोक्यात ट्रॉली. पंधरा वर्षं ती माझ्या दारात येते. शिळी मासळी असली तर आपणच सांगते, "ही कालची हाय, मांजराला न्या." तिच्या प्रश्नाला कारण असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तिला ओटीवर बसवलं आणि चहा टाकला.

"कुणाची होडी?"

"माझीच की. दुसऱ्याची कशाला ओढीन?"

मालनताईचं वय बावन्न. अंगाने काटकुळी, पण मान अशी ताठ की पाटी नसतानाही डोक्यावर पाटी आहे असं वाटावं. आमच्या मांडवीच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी तिची वाडी आहे. तिथल्या चालीरीती कळल्याशिवाय तिच्या ट्रॉलीचं महत्त्व कळायचं नाही, म्हणून त्या आधी सांगते.

तिथे होडी वाळूवर ओढायची ती माणसांनी. मालक आरोळी देतो, दहा जण येतात, खाली लाकडी ओंडके टाकतात, त्यांना मुशी माशाचं तेल चोपडतात आणि होडी वर घेतात. याला ते 'हात देणं' म्हणतात. एक माणूस म्हणजे एक हात. हाताला मजुरी नसते. त्या दिवशीच्या मासळीतला वाटा मिळतो, आणि उद्या तुमच्या होडीला त्याचा हात लागतो. वर आणलेली होडी तशीच टाकून कुणी जात नाही. दहाही जण मिळून ती फिरवतात, तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दर्याकडे करतात आणि मगच घरी जेवायला जातात. होडीने दर्याला पाठ दाखवायची नाही, असा तिथला रिवाज.

तीन वर्षांपूर्वी मालनताईचा नवरा विठू बसल्या जागी गेला. जाळं विणत होता, सुई हातात तशीच राहिली. मागे राहिली अठरा फुटी फायबरची होडी, मागे लटकवायचं छोटं इंजिन, म्हातारी सासू यमुनाबाई आणि मुलगी मृणाली. मृणाली तेव्हा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा दिली आणि जुनी पिकअप घेऊन ती सावर्ड्याच्या बाजारात मासळी पोचवायला लागली. होडीचं काय करायचं, हे वाडीने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. विठूचा थोरला चुलतभाऊ रावजी, दोन मोठ्या बोटींचा मालक आणि वाडीतला वडीलधारा, तेराव्याचं दिवसपाणी झाल्यावर घरी आला आणि म्हणाला, "होडी मला दे. बाईमाणसाच्या दारात होडी शोभत नाही."

मालनताई म्हणाली, "दारात नाय ठेवणार. पाण्यात ठेवीन."

आणि ती मुलीला घेऊन खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायला जाऊ लागली. त्या वाडीतल्या बायका मासळी विकतात, सुकवतात, लिलावात भल्याभल्यांना गप्प बसवतात. पण होडीत चढत नाहीत. रावजीने भांडण केलं नाही. त्याने फक्त हात काढून घेतला. त्याने काढला म्हणजे सगळ्यांनी काढला, कारण वाडीतले निम्मे पुरुष त्याच्याच बोटींवर खलाशी.

पहिल्या वर्षी होडी पावसाळाभर खाडीतच राहिली आणि अर्धी बुडाली. दुसऱ्या वर्षी मालनताईने जेसीबी आणला. त्याने साखळीला लटकवून होडी उचलली खरी, पण एका बाजूला हातभर चीर पाडून ठेवली. आता हे तिसरं वर्ष.

"रावजीदादांनी कालच सांगितलंनी," चहा बशीत ओतत ती म्हणाली. "पावसाच्या आत होडी वर नाय आली, तर ती गेली. तिला आणखी एक पावसाळा सोसायचा नाय. त्यापेक्षा आताच दे, दोन पैसे तरी येतील. आणि खरं सांगायचं तर, वहिनी, ते खोटं नाय बोलत. होडीला खरंच सोसायचा नाय."

"मग?"

"मग काय? दहा हात नाय मिळत, तर चाकं लावायची. रस्त्यापर्यंत उतार हाय, पुढं डांबर, आणि तिथनं माझं अंगण दोन मिनिटांवर. पिकअप पोरीची. फक्त मधली ट्रॉली नाय."

मी फोन काढला. त्या दिवशी आमच्याकडे आमटी करपली.

ट्रॉली बघायची म्हणून मालनताई आधी गेली चिरेखाणीवर. तिथे जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रॉल्या असतात, ट्रॅक्टरला जोडायच्या. खाणवाला ओळखीचा, जुनी ट्रॉली कवडीमोलाने देतो म्हणाला. मालनताईने ट्रॉलीच्या फळीपाशी उभी राहून स्वतःची उंची लावून बघितली. फळी तिच्या छातीला लागली.

"ह्याच्यावर होडी चढवायला मला परत दहा हात लागतील," ती म्हणाली. "तेच असते तर तुझ्याकडं आले असते काय?"

मग दाभोळला एक तयार ट्रेलर असल्याचं मृणालीच्या कानावर आलं. पर्यटकांना खाडीत फिरवणाऱ्या एका माणसाने वेगाने पळणाऱ्या बोटीसाठी तो आणला होता आणि आता बोटच विकून टाकली होती. दोघी भल्या पहाटे निघाल्या. ट्रेलर देखणा होता. चकचकीत, गंज न लागणारा, मधोमध रबरी रूळ, पुढे होडी ओढून घ्यायला हाताने फिरवायचं चाक आणि त्याला पट्टा. मृणाली हरखली. मालनताई त्याच्याभोवती दोनदा फिरली, खाली वाकली आणि रुळांच्या मधल्या खाचेत हात घालून बघितला.

"ही बोट तळाला टोकदार होती ना?" तिने मालकाला विचारलं.

"हो, स्पीडबोट. पाणी कापत जाणारी."

"माझी म्हैस हाय. पोटानं पसरट. ह्या खाचेत ती बसायची नाय, कुशीवर लोळेल. आणि चाकं बघा, स्कूटरची असल्यासारखी. आमच्या वाळूत ती पुरून घेतील."

मालक म्हणाला, "काकी, तुम्हाला ट्रेलरमधलं कळतं?"

"ट्रेलरमधलं नाय कळत. होडीचं पोट कळतं. चाळीस वर्षं बघतंय."

परत येताना मृणालीने अर्ध्या वाटेत चहासाठी पिकअप थांबवली. मग म्हणाली, "आई, तयार मिळत नसेल तर करून घेऊ." म्हणून गुरुप्रसाद.

गुरुप्रसादचं वेल्डिंगचं दुकान गावाबाहेर आहे. माणूस तिशीचा, कामाला चोख, पण देशावरून इथे आलेला. लग्नाच्या मांडवात जनरेटर न्यायच्या ट्रॉल्या तो करतो. होडी त्याने लांबूनच बघितलेली. मालनताईने त्याला वाडीत आणलं आणि ओहोटीला खाडीत चिखलावर टेकलेल्या होडीचं माप घ्यायला लावलं. पायात बूट घालून आलेला तो, परत गेला तेव्हा बूट हातात होते.

मी फोनवर जे वाचलं होतं ते दोघांना सांगितलं. होडीचा भार आडव्या आधारांवर सारखा वाटला गेला पाहिजे, आधारांना जुनं कार्पेट गुंडाळावं, खाऱ्या पाण्यातून काढल्यावर चाकांच्या बेअरिंगना गोडं पाणी आणि ग्रीस द्यायचं, मागे लाल दिवा हवा, नंबर हवा. ते कागदाचं काम मृणालीने आपल्याकडे घेतलं. आणखी एक गोष्ट वाचली होती: एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीला जोडायच्या हुकावर पडला पाहिजे. कमी पडला तर ट्रॉली शेपूट हलवते, जास्त पडला तर गाडीचं तोंड वर होतं. गुरुप्रसादने मान डोलावली. जनरेटरला तो अंदाजाने करतो, म्हणाला.

"होडी कशी ठेवायची? तोंड गाडीकडे ना?" त्याने विचारलं.

"छे," मालनताई म्हणाली. "नाळ मागं. दर्याकडं."

"पण मग इंजिनाची जड बाजू हुकाकडे येईल."

"येऊ दे. होडी दर्याला पाठ करत नाय."

मी तिथेच होते. मला खटकलं, पण मीही बोलले नाही. रावजीला, वाडीला, चाळीस वर्षांच्या सवयीला सरळ धुडकावून लावणारी ही बाई. पण ही गोष्टही धुडकावता येईल असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. विठू होडी फिरवायचा तसंच तिला करायचं होतं.

एप्रिलच्या शेवटी ट्रॉली आली. हिरव्या रंगाची, जीपचे मोठे टायर, पुढे ओढायचं चाक. एक्सल गुरुप्रसादने मधल्यापेक्षा जरासं मागे बसवलं होतं. भरतीच्या वेळी उतारावर ट्रॉली पाण्यात घातली. होडीची मागची बाजू ट्रॉलीकडे करून मालनताई कमरेएवढ्या पाण्यात उभी. उताराशेजारच्या कठड्यावर सात-आठ पुरुष बसलेले. हात खिशात.

उतारावर आपटून उलट फिरलेल्या पहिल्याच लाटेचं पाणी होडीच्या सपाट मागच्या फळीवरून आत आलं. दुसरीचं आणखी. कठड्यावरून आवाज आला, "मालन, मासे आत घेतेस की पाणी?" तिने वर बघितलं नाही. चाक फिरवून फिरवून दोघींनी होडी चढवली, पाणी उपसलं आणि मृणालीने पिकअप सुरू केली.

पिकअपचं मागचं अंग खाली बसलं. पुढचं तोंड आकाशाकडे. मृणाली पुढे निघाली, पण स्टेअरिंग हाताला लागतच नव्हतं. देवळाजवळच्या वळणावर तिने ते पूर्ण फिरवलं आणि गाडी सरळच गेली. सरळ म्हणजे रावजीच्या गडग्यात, अंगणाच्या दगडी कुंपणात. सावकाश होती म्हणून बरं. गडग्याचे दोन चिरे पडले आणि जास्वंदीची एक फांदी मोडली.

रावजी अंगणात दाढी करत होता. तोंडावर साबण तसाच ठेवून बाहेर आला. पडलेल्या चिऱ्यांकडे बघितलं, होडीकडे बघितलं.

"बघ मालन, दर्यानं खूण दिलीन. अजून ऐक."

"दर्या कशाला खूण देईल, दादा? त्याला दुसरे धंदे नायत? वजन चुकलं माझं."

"कुणाचंही चुकू दे. होडी माझ्या दारात आली आपल्या पायानं. आता इथंच राहू दे."

"आज जाते. उद्या परत येईन."

"कशाला?"

"तुमचे चिरे बसवायला."

दुसऱ्या दिवशी ती खरंच घमेलं आणि मातीचा गारा घेऊन गेली आणि दोन्ही चिरे बसवून आली. रावजीच्या बायकोने तिला पाणी दिलं. रावजी घरात असून बाहेर आला नाही. होडी मात्र आदल्या संध्याकाळीच परत खाडीत गेली होती, आणि पावसाला महिना उरला होता.

तिसऱ्या दिवशी मालनताई लिलावाच्या शेडमधला मोठा वजनकाटा हातगाडीवर घालून आपल्या अंगणात घेऊन आली. क्रेट तोलायचा तो काटा. शेडवाल्याने विचारलं, "किती मासळी आलीय तुझी?" ती म्हणाली, "अठरा फुटांचा एकच मासा हाय." भरतीला होडी पुन्हा ट्रॉलीवर घेतली, पिकअप मुंगीच्या पावलांनी चालवून अंगणात आणली, हूक सोडला आणि काट्यावर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर टेकवला. मी आणि गुरुप्रसाद बघत होतो.

काट्यावर एकशे बासष्ट किलो.

"किती पाहिजे?" तिने मला विचारलं.

"एकूण पाचशेच्या आसपास धर. मग पन्नास."

मग तिने एकदम माझी रिकामी पिशवी डोक्यावर घेतली, हाताने मागे सरकवली, पुढे सरकवली. "पाटी मागं झुकली तर मान मोडते. सगळी पुढं आली तर वाट दिसत नाय. जराशी पुढं असली की पाय आपोआप पडतात." मग होडीकडे वळून म्हणाली, "हिचं डोकं मागं केलं मी. सगळं वजन माझ्या कपाळावर आलं."

"मी म्हणालो होतो," गुरुप्रसाद हळूच म्हणाला.

"म्हणालास. पण जोरात नाय म्हणालास."

आता होडी उलटी ठेवायची, म्हणजे नाळ गाडीकडे. म्हणजे पाण्यात जाताना होडी पाठमोरी जाणार. हे ऐकून ओटीवर बसलेल्या यमुनाबाईंनी कुटायची सुपारी खाली ठेवली. म्हातारी ऐंशीच्या पुढची, नजर अधू, कान मात्र तिखट.

"पाठमोरी? माझ्या लेकाची होडी दर्यात पाठमोरी घालणार तू?"

"हो आई."

"आमच्यात मढं नेतात पाय पुढं करून. होडी नाय नेत."

रावजीला उत्तर देणं सोपं होतं. ही विठूची आई, आणि होडीसाठी सुनेच्या बाजूने वाडीशी भांडलेली एकटी तीच. मालनताई तिच्यापाशी जाऊन पायरीवर बसली.

"आई, माळ्यावरनं मिठाची बरणी काढायला तुमी चढायच्यात ना शिडीवर?"

"चढायचे. आता नाय चढत."

"उतरताना कशा उतरायच्यात? तोंड शिडीकडं की पाठ शिडीकडं?"

"तोंड शिडीकडं. पाठ करून उतरलं तर पडेन नाय काय?"

"मग खाली जमिनीला तुमी पाठमोऱ्याच जायच्यात. जमिनीचा अपमान झाला काय?"

"ती जमीन हाय. हा दर्या हाय."

"ट्रॉली शिडी हाय, आई. शिडीवरनं उतरली, पाय टेकले, की माणूस वळतं. होडीही वळेल. पाण्यात तिला वळवायला दहा हात लागत नायत. एक वल्हं पुरतं."

यमुनाबाईंनी खाली ठेवलेली सुपारी चाचपून पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "वळल्याबिगर नारळ द्यायचा नाय."

"नाय द्यायचा."

"आणि रावजीला मी सांगेन. तू नको सांगू. तू सांगितलंस की त्याला मिरची लागते."

भरती उतरायच्या आत होडी परत पाण्यात नेली, फिरवली आणि नाळ पुढे करून ट्रॉलीवर ओढली. या वेळी उतारावरून उलटणाऱ्या लाटा मागच्या फळीवर आल्या नाहीत; नाळेने त्या दोन्हीकडे फोडल्या नि बाजूला टाकल्या. अंगणात पुन्हा काटा. सतरा किलो. आता फारच हलकं. मालनताईने हुकाला हात लावला तर तो तिच्या एका हाताने वर उचलला गेला.

"ही शेपूट हलवील," ती म्हणाली. मग गुरुप्रसादकडे बघून हाताची वीत पसरली. "एक्सल एवढं मागं घे."

"मोजून सांगतो."

"मोज. पण वीतभरच येईल."

त्याने मोजलं. नऊ इंच आले. दोन दिवसांनी त्याने दुकानात एक्सल मागे घेऊन पुन्हा वेल्डिंग केलं. अंगणात होडी परत चढली तेव्हा काट्यावर बावन्न किलो दिसले. मालनताईने काटा धुऊन पुसून शेडमध्ये पोचता केला आणि शेडवाल्याला एक पापलेट दिलं.

मेच्या अठ्ठावीस तारखेला, मासेमारी बंद व्हायच्या तीन दिवस आधी, होडी वर आली. उतारावर ती नि मृणाली, दोघीच. कठड्यावर नेहमीचे बसलेले. खिशातले हात खिशातच. देवळाच्या वळणावर पिकअप लोण्यातून सुरी जावी तशी वळली. रावजीच्या गडग्यापासून चार हात अंतर ठेवून. मागून जाताना मी बघितलं, नवे चिरे जुन्यांहून सरळ बसले होते.

पावसाळाभर होडी तिच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. मालनताईने जेसीबीची ती चीर फायबर आणि रेझिनने भरून घेतली, चाकांना ग्रीस दिलं, आणि शेजारणींनी विचारलं की सांगायची, "गाय गोठ्यात हाय."

नारळी पौर्णिमेला वाडीत रीत अशी: आधी रावजीच्या घरचा नारळ, मग बाकीच्यांचे. पुरुष पुढे, बायका मागे. होड्या वाळूवरून नाळ पुढे करून, दहा हातांनी पाण्यात ढकलायच्या. त्या दिवशी ऊन-सावलीचा खेळ चालला होता, वारा मध्यम. यमुनाबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतारापाशी आणलं होतं. त्यांनी रावजीला आधीच गाठून काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण तो गप्प होता. दुसरे गप्प नव्हते.

सगळ्या होड्या गेल्यावर पिकअपचा मागे येतानाचा टींटीं आवाज आला. मृणाली आरशात बघत मागे मागे घेत होती. ट्रॉलीवरची होडी झेंडूच्या माळा घालून, तोंड आमच्याकडे आणि पाठ दर्याकडे करून उतारावरून येत होती.

"अरे, ही तर रुसून चाललीय," कुणी तरी म्हणालं. हशा झाला.

"रुसलेली नाय," मालनताई होडीच्या कडेने चालत म्हणाली. "तुमची तोंडं शेवटची बघून घेतेय. नंतर दिसायची नायत चार तास."

या वेळी हसल्या त्या बायका.

ट्रॉलीची चाकं पाण्यात गेली. टायर अर्धे बुडाले, पण होडी तरंगायला हवी तितकं पाणी अजून नव्हतं. शेवटच्या आधाराला ती अडकली. रावजीच्या बोटीवरचा खलाशी सदू, विठूबरोबर लहानपणापासून पोहलेला, कठड्यावरून उतरला आणि पाण्यात दोन पावलं आला. त्याचे हात पुढे झाले होते.

"सदूभाऊ, हात नको," मालनताई शांतपणे म्हणाली. "तीन वर्षं लागला नाय, तो आज नको. बाजूला उभा राहा. पोरी, आणखी एक हात मागं घे."

मृणालीने घेतलं. पाणी वर आलं आणि होडी आधारावरून आपली आपण सुटली, पाठमोरी. मालनताईने पट्टा सोडला, काठावर दोन्ही हात टेकून आत चढली, वल्हं घेतलं. तीन वेळा मारलं. होडी फिरली. नाळ दर्याकडे झाली. मी तेव्हा यमुनाबाईंकडे बघत होते. म्हातारीला एवढ्या लांबचं दिसत नाही, म्हणून ती मला विचारत होती, "वळली? वळली काय गो?"

"वळली, आजी."

"मग दे म्हणावं."

मालनताईला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिने स्वतःच्या वेळेला नारळ कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. वाडीतल्या बाईने पाण्यातून, होडीतून दिलेला पहिला नारळ. रावजी हात पाठीमागे बांधून उभा होता. तो नारळ लाटेवर त्याच्या पायापर्यंत येईल असं मला एकदा वाटलं, पण ओहोटी लागली होती. नारळ बाहेरच गेला.

मृणाली ट्रॉली वर घेऊन गोड्या पाण्याने चाकं धूत बसली. इंजिन चालू झाल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. रोज सकाळी होडी अंगणातून खाडीत जाते आणि दुपारी परत येते. वाडीतल्या बाकी होड्या अजून दहा हातांनीच वर येतात, आणि हात दिवसेंदिवस कमी पडताहेत. तरुण मुंबईला जातात, नाहीतर जहाजांवर. हे मालनताई बोलत नाही. मला दिसतं.

गेल्या आठवड्यात ती पाटी घेऊन आली ती हसतच.

"सदू आला होता काल. परड्यातनं, मागच्या दारानं. म्हणतो, मालनवहिनी, एक्सल किती मागं घेतलंस? माझ्या होडीला करून घेतो."

"मग सांगितलंस?"

"सांगीन की. लपवायचं काय त्यात? पण म्हटलं, सदूभाऊ, परड्यात नाय सांगायची. उद्या उतारावर ये. दादा कठड्यावर बसलेले असतील, सगळे असतील. तिथं विचार, मोठ्यानं. मी मोठ्यानं सांगतंय. वीत पसरून दाखवतंय."

"आला?"

"अजून नाय." तिने बांगडे माझ्या ताटात घातले, दोन जास्तीचे. "येईल. त्याच्या होडीला ह्या वर्षी सात हातच मिळाले."

पाटी उचलून तिने ती डोक्यावर ठेवली, जराशी पुढे झुकवली, आणि फाटकातून बाहेर पडली.